कमी मते, दुप्पट जागा: ब्रिटनमधले पक्ष सत्ता कशी मिळवतात आणि कशी टिकवतात

डिसेंबर २०१९ मध्ये ब्रिटनच्या मजूर पक्षाला सुमारे १ कोटी ३ लाख मते पडली, आणि जागांच्या हिशेबाने १९३५ नंतरचा सर्वांत मोठा पराभव त्याच्या पदरी आला. जुलै २०२४ मध्ये त्याच पक्षाला त्याहून कमी, म्हणजे सुमारे ९७ लाख मते पडली, आणि तरीही ६५० पैकी ४११ जागा जिंकून त्याने १४ वर्षांनी सत्ता मिळवली. मतांची टक्केवारी ३२ वरून जेमतेम ३४ च्या जवळ गेली होती. जागा मात्र २०२ वरून ४११ झाल्या. या आकड्यांत चूक नाही आणि मतमोजणीत घोटाळाही झालेला नाही. ब्रिटनची व्यवस्थाच अशी आहे, आणि ती समजली की तिथले पक्ष प्रचार असा का करतात, पैसा कुठून आणतात आणि सत्ता हातात आल्यावर ती कशी राखतात, याचा बराचसा उलगडा होतो.

आपल्या वर्तमानपत्रांनी कंझर्व्हेटिव्ह पक्षाला ‘हुजूर’ आणि लेबर पक्षाला ‘मजूर’ ही सुरेख जोडनावे फार पूर्वीच देऊन ठेवली आहेत. यमक जुळत असल्यामुळे ती कानाला गोड लागतात, पण त्यांमुळे वाचकाची एक समजूतही होते, की तिथला सामना सरळ श्रीमंत आणि कामकऱ्यांमधला आहे. पूर्वी तो बराचसा तसा होता, आज फारसा उरलेला नाही. माझ्या मते या राजकारणाकडे पाहण्याची अधिक उपयोगी रीत वेगळी आहे: सुरुवातीला कोट्यवधी मतदार असतात, पण पुढच्या प्रत्येक टप्प्यावर निर्णय करणाऱ्या माणसांची संख्या घटत जाते, आणि पक्षाचे सारे कसब त्या घटत जाणाऱ्या संख्येला नेमके गाठण्यात असते.

पहिला टप्पा मतदारसंघाचा. भारताप्रमाणेच तिथेही प्रत्येक मतदारसंघातून एकच खासदार निवडला जातो आणि ज्याला सर्वाधिक मते तो विजयी. निम्म्याहून अधिक मते मिळवण्याची अट नाही. ही पद्धत आपण त्यांच्याकडूनच घेतली असल्याने आपल्याला ती नवी वाटत नाही, पण उमेदवार वाढले की ती काय करते हे पाहायचे असेल तर नॉर्फक परगण्यातल्या साउथ वेस्ट नॉर्फक मतदारसंघाचा २०२४ चा निकाल पाहावा. थेटफर्ड, स्वॉफम, डाउनम मार्केट अशा शेतीवाडीच्या गावांचा हा भाग म्हणजे हुजूर पक्षाचा भक्कम बालेकिल्ला होता. माजी पंतप्रधान लिझ ट्रस २०१९ मध्ये इथून २६ हजारांहून अधिक मताधिक्याने आणि सुमारे ६९ टक्के मते घेऊन निवडून आल्या होत्या. पाच वर्षांनी, सकाळ उजाडल्यावर जाहीर झालेल्या निकालात, मजूर पक्षाच्या टेरी जर्मी यांना ११,८४७ मते होती, ट्रस यांना ११,२१७, हुजूर पक्षाच्याही उजवीकडच्या रिफॉर्म यूके पक्षाच्या उमेदवाराला ९,९५८ आणि हुजूर पक्षातूनच दूर झालेल्या एका अपक्षाला ६ हजारांहून अधिक. जर्मी ६३० मतांनी जिंकले. त्यांना एकूण मतांपैकी २७ टक्केही मते नव्हती, म्हणजे दर चार मतदारांपैकी जवळजवळ तिघांनी त्यांच्याविरुद्ध मत दिले होते. पण ते तिघे एका उमेदवाराच्या मागे उभे नव्हते.

हेच चित्र देशभर पसरवून पाहा. रिफॉर्म यूके पक्षाला २०२४ मध्ये ४१ लाख मते आणि अवघ्या ५ जागा मिळाल्या. लिबरल डेमोक्रॅट पक्षाला ३५ लाख मते आणि तब्बल ७२ जागा. रिफॉर्मची मते गावोगाव सारखी पसरलेली होती, त्यामुळे अनेक ठिकाणी त्याचा उमेदवार दुसरा किंवा तिसरा आला, आणि या पद्धतीत दुसऱ्या क्रमांकाला काहीच किंमत नाही. लिबरल डेमोक्रॅटांनी मात्र जिंकता येण्याजोगे मतदारसंघ आधीच निवडले, बहुतेक इंग्लंडच्या दक्षिणेकडचे सुखवस्तू भाग, आणि कार्यकर्ते, पत्रके, पैसा सारे तिथेच ओतले. बाकीचा देश त्यांनी जवळजवळ सोडूनच दिला. १९८३ मध्ये याच पक्षाच्या पूर्वजांना, म्हणजे लिबरल आणि सोशल डेमोक्रॅटिक पक्षांच्या आघाडीला, २५ टक्क्यांहून अधिक मते मिळूनही २३ जागांवर समाधान मानावे लागले होते, तर २८ टक्क्यांच्या आतबाहेर असलेल्या मजूर पक्षाला २०९ जागा मिळाल्या होत्या. चाळीस वर्षांत त्यांनी एवढाच धडा गिरवला, की मते मिळवण्यापेक्षा ती कुठे मिळतात याला महत्त्व आहे.

म्हणूनच ब्रिटनमधल्या प्रचाराचा कणा आजही सभा किंवा मिरवणूक हा नाही, तर दारोदार जाणे हा आहे. कार्यकर्ते मतदारयादी घेऊन गल्लीगल्लीत फिरतात, दार वाजवतात, दोन वाक्ये बोलतात आणि त्या घरातला कल नोंदवून ठेवतात: आपला, त्यांचा, कुंपणावरचा. मतदानाच्या दिवशी, जो प्रथेने गुरुवार असतो, मतदान केंद्राच्या दाराशी पक्षाची रंगीत फीत लावून एखादी वयस्कर बाई किंवा बुवा खुर्ची टाकून बसलेला दिसतो आणि मत देऊन बाहेर येणाऱ्याला त्याचा यादीतला क्रमांक विचारतो. मत कोणाला दिले हे तो विचारत नाही, विचारूही शकत नाही. क्रमांक सांगण्याचेही बंधन नाही. पण ते क्रमांक दर तासा-दोन तासांनी पक्षाच्या स्थानिक ठिकाणी पोहोचतात, ‘आपला’ म्हणून नोंदलेल्या पण अजून घराबाहेर न पडलेल्या मतदारांची नावे वेगळी काढली जातात आणि रात्री दहाला मतदान बंद होईपर्यंत त्यांची दारे पुन्हा वाजवली जातात. २०२४ मध्ये लंडनमधल्या हेंडन मतदारसंघाचा निकाल १५ मतांनी लागला. तिथे कोणाची एखादी गल्ली राहून गेली असेल, तर ती त्याला जन्मभर आठवत राहील.

अशा काठावरच्या निकालाशी मुंबईचा एक जुना संबंध आहे. एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवलेले दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून लिबरल पक्षातर्फे निवडून आले ते फक्त ५ मतांनी, आणि त्यावरून त्यांच्या नावाची ‘नॅरो मेजॉरिटी’ अशी थट्टाही झाली. तीनच वर्षांनी मुंबईचेच मंचेरजी भावनगरी हुजूर पक्षातर्फे लंडनच्या बेथनल ग्रीन भागातून निवडून आले, आणि १९२२ मध्ये मुंबईत जन्मलेले शापुरजी सकलातवाला हे कम्युनिस्ट मजूर पक्षाच्या पाठिंब्याने बॅटर्सीतून खासदार झाले. एकाच शहरातले, एकाच पारशी समाजातले तिघे तीन वेगळ्या पक्षांच्या बळावर संसदेत बसले, हे त्या काळच्या पक्षांच्या उमेदवारनिवडीविषयी बरेच काही सांगते.

मग ही पद्धत बदलत का नाही? कारण ती बदलण्याचा अधिकार ज्यांना आहे, ते तिच्यामुळेच निवडून आलेले असतात. २०११ मध्ये पसंतीक्रमाने मत देण्याच्या पद्धतीवर सार्वमत झाले, पण ते आघाडी सरकारात सामील होताना लिबरल डेमोक्रॅटांनी पदरात पाडून घेतले होते म्हणून. जवळजवळ ६८ टक्के लोकांनी तो बदल नाकारला आणि विषय तिथेच थांबला.

आता पैसा. अमेरिकेच्या मानाने ब्रिटनमधल्या निवडणुका स्वस्त आहेत, आणि त्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे दूरचित्रवाणी आणि रेडिओवर पैसे देऊन राजकीय जाहिरात करायला कायद्याने मनाई आहे. त्याऐवजी प्रमुख पक्षांना ठरावीक लांबीचे प्रचारप्रसारण फुकट मिळते. उमेदवाराच्या खर्चावर तर १८८३ च्या कायद्यापासूनच मर्यादा आहे. २०२४ मध्ये ग्रामीण मतदारसंघात ती ११,३९० पौंड अधिक प्रत्येक मतदारामागे १२ पेन्स अशी होती, म्हणजे ७५ हजार मतदारांच्या मतदारसंघात साधारण २० हजार पौंड. एवढ्यात पत्रके आणि थोडीफार भाड्याची जागा बसते, फार काही नाही.

उमेदवाराला असे आवळून ठेवले असले तरी पक्षाच्या राष्ट्रीय खर्चाची मर्यादा खूप सैल आहे. ती २००० च्या कायद्याने आली. तोवर पक्षाच्या देशव्यापी खर्चाला मर्यादाच नव्हती. सुरुवातीला दर मतदारसंघामागे ३० हजार पौंड असलेली ही मर्यादा २०२३ च्या अखेरीस हुजूर पक्षाच्या सरकारने महागाईचे कारण देऊन ५४,०१० पौंडांवर नेली, आणि सर्वत्र उमेदवार देणाऱ्या पक्षाची कमाल मर्यादा ३ कोटी पौंडांच्या वर गेली. साहजिकच स्थानिक खर्च राष्ट्रीय म्हणून दाखवण्याचा मोह होतो. २०१५ मध्ये हुजूर पक्षाने कार्यकर्त्यांनी भरलेल्या बसगाड्या काठावरच्या मतदारसंघांत फिरवल्या. या बसगाड्यांच्या आणि आधीच्या काही पोटनिवडणुकांच्या खर्चाचे हिशेब नीट न दिल्याबद्दल निवडणूक आयोगाने २०१७ मध्ये पक्षाला ७० हजार पौंड दंड केला. ज्या पक्षाची उलाढाल कोट्यवधींची, त्याला हा दंड म्हणजे किरकोळ खर्चच.

खर्चाला वरची मर्यादा आहे, पण देणगीला ती नाही, ही या व्यवस्थेतली सर्वांत मोठी फट. ५०० पौंडांवरची देणगी घेताना पक्षाला देणगीदार कायद्यात बसतो की नाही हे तपासावे लागते: त्याचे नाव ब्रिटनच्या मतदारयादीत हवे, किंवा ती ब्रिटनमध्ये नोंदलेली आणि तिथे व्यवहार करणारी कंपनी हवी, किंवा कामगार संघटना वगैरे. मोठ्या देण्यांची माहिती निवडणूक आयोगाला द्यावी लागते आणि ती दर तीन महिन्यांनी सगळ्यांना पाहायला मिळते. जानेवारी २०२४ पासून पक्षाच्या मध्यवर्ती कार्यालयासाठी ही रेषा ११,१८० पौंडांवर आहे. पण पात्र माणसाने किती द्यावे याला बंधन नाही. २०१९ मध्ये सुपरमार्केट घराण्यातले डेव्हिड सेन्सबरी यांनी एकट्याने लिबरल डेमोक्रॅट पक्षाला ८० लाख पौंड दिले. २०२५ मध्ये थायलंडमध्ये राहणाऱ्या एका ब्रिटिश गुंतवणूकदाराने रिफॉर्म यूकेला एका वेळी ९० लाख पौंड दिले. परदेशी पैसा चालत नाही, असे कायदा म्हणतो. पण परदेशी मालकाची कंपनी ब्रिटनमध्ये नोंदलेली असली आणि तिथे थोडाबहुत व्यवहार करत असली, तर तिची देणगी चालते.

मजूर पक्षाची आर्थिक कहाणी निराळी आहे. १९०० मध्ये तो जन्मला तोच कामगार संघटनांच्या पोटी, आणि संघटनांच्या वर्गणीवरच त्याचे घर चालत होते. रेल्वेत पोर्टरचे काम करणाऱ्या वॉल्टर ऑस्बोर्न यांना, जे स्वतः लिबरल विचारांचे होते, आपली वर्गणी मजूर पक्षाकडे जावी हे पटेना. ते न्यायालयात गेले आणि १९०९ मध्ये सर्वोच्च न्यायपीठाने संघटनांना असा राजकीय खर्च करता येणार नाही असा निर्णय दिला. त्या काळी खासदारांना पगार नव्हता, संघटनाच त्यांना पोसत. त्यामुळे पक्षाच्या अंगणातली विहीरच आटली. यावर उपाय म्हणून १९११ मध्ये खासदारांना वर्षाला ४०० पौंड वेतन सुरू झाले, आणि १९१३ च्या कायद्याने संघटनांना वेगळा राजकीय निधी उभारण्याची मुभा मिळाली. तेव्हापासून एकच प्रश्न सतत झुलत राहिला आहे: सभासदाने ‘नको’ म्हटले नाही तर वर्गणी कापायची, की ‘हो’ म्हटले तरच कापायची? १९२७ मध्ये हुजूर सरकारने ‘हो म्हटले तरच’ असे केले, १९४६ मध्ये मजूर सरकारने ते उलटवले, २०१६ मध्ये हुजूर सरकारने नव्या सभासदांसाठी ते पुन्हा फिरवले. माणसाचा आळस कोणत्या पक्षाच्या कामी यावा, एवढ्यासाठी ही शंभर वर्षांची झटापट.

पैशाच्या बदल्यात काय मिळते, हा सर्वांत नाजूक प्रश्न. लॉइड जॉर्ज पंतप्रधान असताना (१९१६ ते १९२२) किताबांचा जवळजवळ दर ठरलेला होता. ‘सर’ होण्यासाठी सुमारे १० हजार पौंड, आणि त्यावरच्या किताबांना त्याहून कितीतरी अधिक. मॉन्डी ग्रेगरी नावाचा दलाल संसदेजवळ पार्लमेंट स्ट्रीटवर थाटात कचेरी उघडून हे व्यवहार जुळवत असे. बोभाटा झाल्यावर १९२५ मध्ये किताबविक्रीविरोधी कायदा आला आणि १९३३ मध्ये ग्रेगरीला शिक्षा झाली. त्या कायद्याखाली शिक्षा झालेला तो एकटाच. २००६ मध्ये मजूर पक्षाला गुपचूप कर्जे देणाऱ्या काही धनिकांची नावे उमरावांच्या सभागृहासाठी सुचवली गेल्याचे उघड झाले, टोनी ब्लेअर पंतप्रधानपदावर असताना पोलिसांनी त्यांचे जबाब घेतले, पण खटला कोणावरच झाला नाही. कर्जेही देणग्यांप्रमाणे जाहीर करण्याचा नियम मात्र त्यातून आला.

सरकारी तिजोरीतून विरोधी पक्षांना थोडा पैसा मिळतो. १९७५ मध्ये सभागृह नेते एडवर्ड शॉर्ट यांनी आणलेल्या या मदतीला आजही त्यांच्याच नावाने ओळखतात, आणि ती देताना जागांबरोबरच दर २०० मतांमागेही ठरावीक रक्कम धरतात. म्हणजे हरलेल्या मताला जिथे किंमत आहे, अशी ही ब्रिटिश राज्यव्यवहारातली दुर्मीळ जागा.

निवडणूक जिंकली, पैसा मिळाला, आता सत्ता टिकवायची. पंतप्रधानाला लोक थेट निवडत नाहीत. संसदेच्या कॉमन्स या कनिष्ठ सभागृहात ज्याच्यामागे बहुमत, तो पंतप्रधान. म्हणून रोजचे काम म्हणजे खासदारांची मोट बांधून ठेवणे, आणि ते प्रतोदांकडे असते. मराठीतल्या ‘प्रतोद’ शब्दाचा अर्थ चाबूकच आहे, आणि इंग्रजी शब्दही शिकारी कुत्र्यांचा कळप आवरणाऱ्या माणसावरून आला आहे. प्रतोदांकडून दर आठवड्याला खासदारांना कामकाजाचा कागद जातो. ज्या मतदानाखाली तीन रेघा असतात तिथे हजर राहून पक्षाच्या बाजूने मत देणे भाग असते. मोडले तर पक्षातून निलंबन होऊ शकते, पण खासदारकी जात नाही, कारण आपल्यासारखा पक्षांतरबंदी कायदा तिथे नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी ब्रेक्झिटच्या, म्हणजे युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या, प्रश्नावर २१ खासदारांना एका फटक्यात पक्षाच्या गटाबाहेर काढले आणि त्यांत चर्चिल यांचे नातू निकोलस सोम्सही होते. जुलै २०२४ मध्ये कीर स्टार्मर यांनी सत्तेवर येऊन तीन आठवडेही झाले नव्हते तेव्हा, दोनांपेक्षा अधिक मुले असणाऱ्या कुटुंबांच्या भत्त्यावरून विरोधात मत देणाऱ्या ७ जणांना सहा महिन्यांसाठी बाहेर ठेवले. चाबकाबरोबर गूळही असतोच: कॉमन्समधल्या ९५ जणांना मंत्री करता येते, आणि मंत्र्याने सरकारविरुद्ध मत द्यायचे तर आधी राजीनामा द्यावा लागतो.

बहुमत नसेल तर बाहेरून पाठिंबा घ्यावा लागतो आणि त्याची किंमत मोजावी लागते. २०१७ मध्ये पंतप्रधान थेरेसा मे यांना उत्तर आयर्लंडच्या डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पक्षाच्या १० खासदारांसाठी त्या प्रांताला १०० कोटी पौंडांचा जादा निधी कबूल करावा लागला. त्याहून कठीण प्रसंग २८ मार्च १९७९ चा. जेम्स कॅलहन यांच्या मजूर सरकारवरच्या अविश्वास ठरावाच्या रात्री एकेक मत मोजले जात होते. पक्षाचे एक खासदार, सर आल्फ्रेड ब्रॉटन, मरणासन्न होते. त्यांना रुग्णवाहिकेतून संसदेच्या आवारात आणले असते तरी मत धरले गेले असते, पण प्रवासातच ते दगावण्याचा धोका होता, आणि त्यांना न आणण्याचे ठरले. सरकार ३११ विरुद्ध ३१० असे एका मताने पडले, ब्रॉटन काही दिवसांतच वारले, आणि मे महिन्यात मार्गारेट थॅचर पंतप्रधान झाल्या.

तरीही कित्येक पंतप्रधानांना विरोधकांनी नव्हे, तर स्वपक्षीयांनीच घरी पाठवले आहे. खुद्द थॅचर यांना १९९० मध्ये त्यांच्याच खासदारांनी बाजूला केले. हुजूर पक्षात नेता निवडताना खासदार दोन नावे उरवतात आणि मग देशभरचे वर्गणीदार सभासद त्यांतून एक निवडतात. २०२२ मध्ये या रीतीने ट्रस यांना ८१,३२६ आणि ऋषी सुनक यांना ६०,३९९ मते पडली. म्हणजे जवळपास पावणेसात कोटींच्या देशाचा पंतप्रधान एका मध्यम आकाराच्या शहराएवढ्या लोकांनी ठरवला. २३ सप्टेंबरच्या करकपातीच्या घोषणेनंतर रोखेबाजार कोसळला, खासदारांनी पाठ फिरवली आणि ट्रस यांची कारकीर्द ४९ दिवसांत आटोपली. पुढच्या वेळी १०० खासदारांच्या पाठिंब्याची अट घातली, ती सुनक यांच्याशिवाय कोणीच पुरी करून दाखवली नाही, आणि सभासदांना मत द्यायची वेळच आली नाही.

सत्ताधाऱ्याच्या हाती एक पत्ता मात्र खास राहतो: निवडणुकीची तारीख. २०११ मध्ये मुदत ठरवून देणारा कायदा झाला होता, तो २०२२ मध्ये रद्द झाला, आणि पाच वर्षांच्या आत केव्हाही निवडणूक लावण्याचा अधिकार पुन्हा पंतप्रधानाकडे आला. सुनक यांना जानेवारी २०२५ पर्यंत थांबता आले असते. त्यांनी २२ मे २०२४ च्या संध्याकाळी, छत्री न घेता, भर पावसात १० डाउनिंग स्ट्रीटच्या दाराबाहेर उभे राहून ४ जुलै ही तारीख जाहीर केली. कोट भिजून खांद्याला चिकटला होता. घाईत गाठलेला रिफॉर्म पक्ष विस्कळीत राहील अशी अटकळ होती, आणि त्या पक्षाचा सर्वांत परिचित चेहरा असलेल्या नायजेल फराज यांनी दुसऱ्याच दिवशी आपण उभे राहणार नसल्याचे सांगितलेही. ३ जूनला त्यांनी विचार बदलला, पक्षाचे नेतृत्व हाती घेतले आणि क्लॅक्टनमधून अर्ज भरला. मतमोजणी झाली तेव्हा शंभराहून अधिक मतदारसंघांत हुजूर उमेदवार जितक्या मतांनी पडला होता, त्याहून जास्त मते रिफॉर्मच्या उमेदवाराच्या नावापुढे होती.